शेवटच्या वर्षाचं काम, पहिल्यांदा पाहताना

कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला मुलांना एक मोठं काम करावं लागतं. विषय त्यांनीच शोधायचा, माध्यम त्यांनीच ठरवायचं. वर्षभर खपून जे हाती येईल ते मांडायचं आणि परीक्षकांसमोर उभं राहून ‘हे असं का केलं’ ते सांगायचं. मुलं त्याला थीसिस म्हणतात. माझी लेक मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकली, म्हणून मला हे ठाऊक झालं. माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. दादाचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. शाडू, काथ्या, साचे आणि रंगाची भांडी यांच्यातच मी लहानाची मोठी झाले. तरीही तिच्या वर्गाचं प्रदर्शन पाहायला गेले तेव्हा पहिल्याच दालनात मी थबकले. समोर मांडलेलं कुठून पाहायला सुरुवात करायची, तेच समजेना.

रोह्याहून मी दिव्याच्या गाडीने निघाले, दादा पेणला चढला. हमरापूर, आपटा, पनवेल करत दिव्याला पोहोचलो आणि तिथून लोकलने सीएसएमटी. लेक घ्यायला आली होती, पण तिने आम्हाला लगेच कॉलेजकडे नेलं नाही. स्टेशनसमोर रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि म्हणाली, “मामा, वर बघ.” कमानींवर आणि खांबांच्या माथ्यावर दगडी पानं, फुलं, पक्षी, प्राणी. ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. तिच्या नक्षीकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, असं तिने सांगितलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. म्हणजे मुंबईत रोज लाखो माणसं ज्या इमारतीखालून जातात, तिच्यावर शिकणाऱ्या मुलांच्या हातचं काम आहे. दादा मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. “पानाची शीर बघ,” तो म्हणाला, “कोरताना हात कुठे थांबलाय ते दिसतंय.”

कॉलेजच्या जुन्या इमारतीत शिरलो. एका खोलीच्या मधोमध जमिनीवर लोखंडी सळ्या बांधून रचलेल्या. पुढच्या खोलीत अंधार, भिंतीवर हलणारं चित्र आणि लोकलचा आवाज. एका ठिकाणी छतापासून जमिनीपर्यंत जुन्या साड्यांचे तुकडे जोडून केलेला पडदा. बाजूच्या लेबलवर शीर्षक, माध्यम, मापं आणि विद्यार्थ्याचं नाव. त्याखाली इंग्रजीत एक परिच्छेद. तो वाचूनही मी होते तिथेच. मग एका कोपऱ्यात म्हाताऱ्या बाईचं मातीतलं डोकं दिसलं. सुरकुत्या, मिटलेले ओठ, सैल झालेल्या कानाच्या पाळ्या. तिथे मी कितीतरी वेळ उभी राहिले, कारण तिथे काय पाहायचं ते मला माहीत होतं.

लेकीचं काम तिसऱ्या दालनात होतं. एक अख्खी भिंत, तिच्यावर भाजलेल्या लाल मातीच्या चौकोनी पाट्या ओळीने लावलेल्या. प्रत्येक पाटीवर बोटांचे खळगे. शीर्षक ‘दाब’, माध्यम टेराकोटा. दिवाळीच्या सुट्टीत ती दादाच्या कारखान्यात लाकडी चौकटी घेऊन बसली होती, हे आम्ही दोघांनी पाहिलं होतं. साचा भरताना माती जशी दाबता तशीच या चौकटीत दाबा, असं ती एकेका कारागिराला सांगायची. त्या पाट्यांचं पुढे काय होणार ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आता त्या सगळ्या एका भिंतीवर होत्या आणि मला त्यात फक्त खळगे दिसत होते.

दादा मात्र हात पाठीमागे बांधून भिंतीच्या अगदी जवळ गेला. एकेक पाटी पाहत पुढे सरकला. “हा डावखुरा,” तो म्हणाला. मग दुसरी पाटी. “हा साचे भरणारा नाही. आखणी करणारा आहे. हात हलका आहे, कडेला पोचलाच नाही.” मग तिसरी. “हिने नुकतं काम धरलंय. घाबरत दाबलंय.” लेक त्याच्याकडे पाहत उभी होती. परीक्षकांनी तिला पुष्कळ प्रश्न विचारले होते. पण एकेक पाटी अशी वाचून दाखवणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता.

दादाने जे पाहिलं ते त्याला दिसलं कसं, ते थोडं सांगायला हवं. साच्यात शाडू भरताना तो आतून अंगठ्याने दाबत न्यावा लागतो. दाब कमी पडला तर सोंडेचं वळण किंवा बोटांची टोकं साच्यात नीट उतरत नाहीत. सगळीकडे सारखा बसला नाही तर वाळताना मातीला तडा जातो. प्लास्टरच्या मूर्तीचं तंत्र वेगळं. आधी रबरी साच्यात पातळ प्लास्टरचा हात फिरवायचा, मग प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या आतून चिकटवत जायचा. मूर्ती आतून पोकळ राहते आणि त्या पोकळीत कारागिराच्या हाताच्या खुणा तशाच राहतात. बाहेरून घासकाम होतं, रंग चढतो, डोळ्यांची आखणी होते, आणि घासणाऱ्या हाताची एकही खूण दिसू नये याची काळजी घेतली जाते. पेणच्या मूर्तीचं नाव झालं ते या सफाईमुळे. लेकीने जो भाग कुणी पाहत नाही तो भिंतीवर आणला होता. हे मला त्या दिवशी दादाच्या बोलण्यातून उमगलं.

दुपारी आम्ही आवारात चहा घेत बसलो होतो. लेकीने गणपतराव म्हात्रे यांची गोष्ट सांगितली. १८९६ मध्ये, जे. जे.मध्ये शिकत असताना, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे पूजेला निघालेल्या तरुणीचं शिल्प घडवलं. पूर्ण उंचीची बाई, नऊवारीच्या निऱ्या, पुढे पडणारं पाऊल. शिल्प प्लास्टरचं. या एका कामाने विशीतल्या त्या विद्यार्थ्याचं नाव देशभर झालं. “म्हणजे आपल्याच मालाचं,” दादा म्हणाला. प्लास्टर ऑफ पॅरिसकडे पेणमध्ये आम्ही गोण्यांच्या हिशेबाने पाहतो. जिप्सम भाजून त्यातलं पाणी घालवलं की ही भुकटी होते. पाणी घातलं की ती पुन्हा दगड होऊ लागते आणि त्या वेळी हाताला गरम लागते. ती ऊब मला लहानपणापासून माहीत आहे. तीच भुकटी, तेच पाणी. कुणाच्या हातात ती हजार सारख्या मूर्ती होते, कुणाच्या हातात एकदाच घडणारी ती तरुणी.

परीक्षा झाल्या, निकाल लागला आणि खरी अडचण पुढे आली. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याचं चार वर्षांचं काम म्हणजे कित्येक किलो माती, प्लास्टर, लोखंड आणि लाकूड. कॉलेजची जागा पुढच्या मुलांसाठी मोकळी करून द्यावी लागते. मुंबईत भाड्याच्या खोलीत हे ठेवायचं कुठे? अनेक मुलं जड काम तिथल्या तिथे फोडून टाकतात आणि फोटो घेऊन घरी जातात. लेकीच्या ओळखीत रायगडची आणखी काही मुलं होती, काही चित्रकलेची, काही छापचित्रणाची. ती सगळी मिळून म्हणाली, आपण टेम्पो करू आणि काम गावाकडे नेऊ. नेतोच आहोत तर लोकांना दाखवू.

जागा दादाने दिली. पेणच्या कारखान्यांत वर्षातले थोडेच दिवस शेड रिकामी असते. अनंत चतुर्दशी होऊन हिशेब झाले की दिवाळीपर्यंत थोडी उसंत मिळते. त्यानंतर पुढच्या वर्षाची तयारी सुरू होते आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर पावसाळ्याच्या आधीच पेट्यांत भरून निघतात. गेली काही वर्षं या धंद्यावर मोठा ताण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्यांचं विसर्जन करण्यावर बंधन ठेवलं. कारखान्यात कुणीही भेटलं की बोलणं माल, भाव आणि निकाल यांच्याभोवती फिरतं. अशा दिवसांत दादाने शेड झाडून घेतली आणि मुलांच्या हवाली केली.

प्रदर्शन लावणं म्हणजे काय असतं, ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भिंतींना पांढरा चुना मारला. चित्र कुठेही टांगत नाहीत. त्याचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असं माप धरतात आणि सगळ्या चित्रांचे मध्य एका दोरीत आणतात. दिवा समोरून टाकला तर मातीवरचे खळगे सपाट दिसतात. तोच बाजूने टाकला की प्रत्येक खळग्याला सावली मिळते. दोन कामांमध्ये किती मोकळी जागा ठेवायची यावर मुलं तासन्‌तास वाद घालत. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटला. नंतर एक चित्र हातभर सरकवलेलं पाहिलं, तेव्हा शेजारचं शिल्प पहिल्यांदा नीट नजरेत भरलं. गणपती आणताना मखरात मूर्ती किती आत ठेवायची यावर आमच्या घरातही दरवर्षी चर्चा होते. मुलांची चर्चा त्याच जातीची होती.

माझ्याकडे काम आलं मराठी लेबलांचं. मुलांकडे प्रत्येक कामाची इंग्रजी टिपणं होती, परीक्षेसाठी लिहिलेली. ती मराठीत करायला मी बसले आणि माझी लेखणी पुढे सरकेना. शब्द होते, पण त्यातून काम दिसत नव्हतं. शेवटी मी टिपणं बाजूला ठेवली आणि एकेका मुलाला समोर बसवून विचारू लागले. हे कशाचं केलंय? कसं केलंय? आणि दुसरं काही न करता हेच का? पहिल्या दोन प्रश्नांना मुलं भराभर उत्तरं देत. तिसऱ्याला थांबत. काही जण खूप वेळ गप्प बसत आणि मग जे बोलत ते लेबलवर लिहिण्यासारखं असे. मुंबईतल्या दालनात मला जी वाट सापडली नव्हती ती मला या तीन प्रश्नांनी दाखवली. ज्याला कलेची ओळख नाही त्याने आधी ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं की तो अडतो. ‘हे कसं केलं’ असं विचारलं की दार उघडतं, कारण हाताने केलेल्या कामाबद्दल प्रत्येकाला काही ना काही माहीत असतं.

पेणच्या खारेपाटातल्या एका मुलाचं काम होतं मातीचं. लाकडी चौकटींत त्याने बांधाच्या आतली आणि बाहेरची माती थापली होती. काहींवर वर्षभर खारं पाणी शिंपडून मिठाचा थर चढू दिला होता, काही नुसत्या वाळू दिल्या होत्या. भेगांची जाळी, मधूनच पांढरी पापुद्र्यासारखी साय, गंजलेली एक उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, खीळ. भातशेती खाडीच्या पाण्यापासून वाचवायला इथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले गेले. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची कित्येक वर्षं भात नीट येत नाही. मुलाच्या आजोबांचं शेत असंच गेलेलं. हे चित्र काढूनही दाखवता आलं असतं ना, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “काकी, मी चित्रं काढली होती. ती बघून सगळे छान म्हणायचे. माती ठेवली तेव्हा लोक गप्प झाले.”

शेडमध्ये त्या चौकटींसमोर धोतर नेसलेले एक वयस्क शेतकरी उभे राहिले. लेबल त्यांनी वाचलंच नाही. एका चौकटीकडे बोट करून म्हणाले, ही बाहेरकाठ्याची. दुसरीकडे पाहून म्हणाले, ही आतली, पण हिच्यात पाणी शिरून गेलंय. दोन्ही बरोबर होतं. मग त्यांनी त्या मुलाला मधल्या चौकटीबद्दल सांगितलं. खारं पाणी गेल्यावर पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडून ठेवायचं, मीठ सुटलं की उघाडीतून सोडून द्यायचं आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. तेव्हा कुठे जमीन परत भाताची होते. मुलगा वही काढून लिहू लागला. त्याच्या थीसिसमध्ये जमीन बिघडण्याची गोष्ट होती, सुधारण्याची नव्हती. तो भाग त्याला इथे मिळाला.

कारागीर आले ते संध्याकाळी, घरच्यांना घेऊन. पाट्यांच्या भिंतीसमोर गर्दी झाली. “ह्यो माजाच आंगठा,” एक जण म्हणाला आणि त्याने आपला अंगठा खळग्यात ठेवून दाखवला. तो बरोबर बसला. मग प्रत्येक जण आपापली पाटी शोधू लागला. कुणी शेजाऱ्याची ओळखली, कुणी वादही घातला. रंगकाम करणाऱ्या एक ताई मात्र लेबल वाचत होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, “इथे तुझं नाव आहे. आमची कुठे आहेत?”

प्रश्न सरळ होता. पेणहून दरवर्षी लाखो मूर्ती जातात. कारखान्याचं नाव खोक्यावर असतं, पण साचा कुणी भरला, डोळे कुणी आखले, हे कुठेही लिहिलेलं नसतं. आखणी हे तर या कामातलं सगळ्यात जोखमीचं अंग. ब्रश एकदा टेकला की रेष मागे घेता येत नाही आणि मूर्तीची नजर त्या रेषेवर ठरते. आखणी ज्याच्या हाती सोपवली तो कारागीर तयार झाला, असं कारखान्यात मानतात. मध्ययुगीन युरोपात कारागिरांच्या संघात उस्ताद म्हणून दाखल होण्यासाठी एक वस्तू स्वतः घडवून दाखवावी लागे. कॉलेजातलं शेवटच्या वर्षाचं काम त्याच परंपरेतलं. आमच्याकडे ती परीक्षा मूर्तीच्या डोळ्यांवर होते. फरक इतकाच की ती उत्तीर्ण होणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही.

लेकीने त्या रात्री प्रत्येक कारागिराला विचारून नावं लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पाटीपाटीखाली लावली. ‘दाब’ या कामाचा तो भाग झाला. ती म्हणाली, “आई, हे काम आता पूर्ण झालं.” तिला पदवी मिळून काही महिने उलटले होते.

पुढे हेच प्रदर्शन रोह्याला एका शाळेच्या सभागृहात लागलं. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या उत्सवासाठी मुंबई-ठाण्याला असलेले रोहेकर गावी येतात. तेव्हा लोक येतील, हा हिशेब होता. रोह्यात मूर्तींचे कारखाने पेणसारखे नाहीत. इथलं जगणं बाजारपेठ, शेती, नदी आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांवर चालतं. त्यामुळे मातीच्या पाट्यांपुढे लोक थोडे कमी थांबले आणि छापचित्रांपुढे फार.

ती छापचित्रं रोह्याच्याच एका मुलीची. विषय कुंडलिका. आमची नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज तयार करून कुंडलिकेत उतरतं. हे केंद्र १९२७ पासूनचं. पाणी सुटलं की नदी चढते, थांबलं की उतरते. कोलाडला तराफ्यांचा खेळ चालतो तो याच वेळापत्रकावर. त्या मुलीने एकाच घाटाच्या पायऱ्या, पाणी चढताना आणि उतरताना, लिनोवर, म्हणजे कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमवर, कोरल्या. पद्धत अशी की एका लिनोच्या तुकड्यावर थोडं कोरायचं, एका रंगात सगळे कागद छापून घ्यायचे. मग तोच तुकडा आणखी कोरायचा आणि त्याच कागदांवर दुसरा रंग छापायचा. दरवेळी आधीची पायरी कायमची जाते. शेवटी हातात उरतो जवळजवळ सगळा कोरला गेलेला लिनो आणि छापलेले कागद. एकही जास्तीची प्रत पुन्हा काढता येत नाही.

चित्रांखाली पेन्सिलीने ३/१० असं लिहिलं होतं. रोह्याच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच. दहा प्रती छापल्या, त्यातली ही तिसरी, असा त्याचा अर्थ. प्रत्येक प्रतीवर कलाकाराची सही असते आणि प्रती ठरलेल्या संख्येपलीकडे काढत नाहीत. हे कळल्यावर लोक चित्राच्या जवळ जाऊन पुन्हा पाहू लागले. अष्टमी गावच्या एका आजींनी पाण्याची रेघ पाहून सांगितलं, ही सकाळची आहे, तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला असायचं, आम्ही धुणं धुवायला त्याआधी जायचो. मुलीने संध्याकाळची म्हणून छापली होती. दोघींनी बसून हिशेब केला. आजींच्या लहानपणी आणि आता पाणी सुटण्याच्या वेळा वेगळ्या असणार, असं ठरलं. पुढच्या मालिकेसाठी तिला विषय मिळाला आणि माहिती सांगणारं माणूसही.

धाटावला पाळीवर जाणाऱ्या बसचं एक मोठं तैलचित्र होतं. पहाटेची वेळ, खिडकीला टेकून झोपलेली माणसं, काचेवर हात. माझे यजमान तिथेच नोकरीला होते. ते त्या चित्राकडे पाहून काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र पाळीच्या दिवसांबद्दल खूप वेळ बोलत बसले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

दोन्ही गावांत एक प्रश्न हमखास यायचा. “हे सगळं छान आहे, पण पोरांचं पुढे काय?” तो विचारणाऱ्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. तो माझाही प्रश्न होता. मुलांची उत्तरं वेगवेगळी होती. कुणी कला शिक्षकाची पदविका करणार, कुणी चित्रपटाच्या कलाविभागात काम शोधतंय, कुणी पुढे शिकणार. शिल्पाच्या मुलांना साचे आणि मोठ्या मूर्तींची कामं मिळतात. लेक सध्या दादाच्या कारखान्यात शाडूसाठी नवे साचे करते आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम. पैसा बेताचाच आहे आणि ते मी लपवत नाही. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर पेणच्या कारखान्यातल्या पोराचंही पुढे काय, हे कुणाला सांगता आलं नसतं.

अशा पोराचं पुढे काय होऊ शकतं, याचं एक मोठं उदाहरण या जिल्ह्यात आहे. अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याला १८९१ मध्ये विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपतीच्या मूर्ती घडवण्याची परंपरा. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि या मुलाला जे. जे.मध्ये शिकायला पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे १९२८ मध्ये पुण्यात उभारला गेलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवला तो याच मुलाने. त्यांच्या घरी आज शिल्पांचं संग्रहालय आहे. कोळीण, अंगणातली म्हैस. आम्ही सगळे प्रदर्शनानंतर तिथे गेलो. म्हशीसमोर उभं राहून दादा बराच वेळ तिच्या पाठीचा उतार पाहत होता. इथे मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. कशाचं, कसं आणि हेच का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं समोर होती.

करमरकरांना एका माणसाने भिंतीवरचं चित्र पाहिल्यामुळे वाट मिळाली. म्हणजे काम आधी गावातल्या भिंतीवर असावं लागतं आणि ते पाहणारं कुणी असावं लागतं. आज आमच्या मुलांचं काम मुंबईतल्या दालनात लागतं, तिथेच उतरवलं जातं आणि गावाला त्याची गंधवार्ताही नसते. केरळात कोचीला २०१२ पासून मोठं कलाप्रदर्शन भरतं आणि २०१४ पासून त्याच्या जोडीला देशभरातल्या कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचं वेगळं प्रदर्शनही. तिथवर सगळ्यांना पोहोचता येणार नाही. पण पेणची रिकामी शेड आणि रोह्याचं शाळेचं सभागृह यांना फारसा खर्च येत नाही. चुना, दिवे, टेम्पोचं भाडं आणि मराठीतली लेबलं, एवढ्यात ते उभं राहतं.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पक्की वाटते. शहरातल्या दालनात मुलांना मतं मिळतात, गावात दुरुस्ती मिळते. बांधाची माती, पाण्याची पायरी, अंगठ्याचा दाब यांबद्दल जे इथल्या माणसाला माहीत आहे ते परीक्षकांना माहीत असण्याचं कारण नाही. आणि इथल्या माणसाला आपल्याला हे माहीत आहे, हे अशा प्रदर्शनाशिवाय कळत नाही. ‘आम्हाला कलेतलं काही कळत नाही’ असं सांगणारे किती तरी जण या दोन गावांत मला भेटले. त्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कामासमोर थांबून असं काही सांगून गेला, जे मुलांना कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून हे दरवर्षी व्हावं, यासाठी मी आता लोकांना भेटते आहे. पेण, रोहा, सुधागड, माणगाव, अलिबाग, कुठल्याही तालुक्यातलं मूल कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असेल तर त्याने आपलं काम फोडू नये, घेऊन यावं. जागा आम्ही पाहू. दोन ओळींचं मराठी टिपण लिहायला मी बसेन. आणि ज्यांनी कधीच असं प्रदर्शन पाहिलेलं नाही त्यांनी तर नक्की यावं. एका कामासमोर थांबावं, ते कसं केलं असेल याचा विचार करावा आणि करणारं मूल शेजारी उभं असेल तर त्याला विचारावं. त्या मुलाने वर्षभर केलेल्या कामाला तुमच्या प्रश्नाची गरज आहे.